ग्राहकांचा पैसा आणि सरकारची ओंजळ

ग्राहक चळवळीचा विषय निघाला की आपण कायद्यांविषयी पुष्कळ बोलतो; चळवळीच्या खर्चाविषयी क्वचितच. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला, पुढे त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली. परंतु खाद्यतेलाचे वीस नमुने बाजारातून विकत घेऊन तपासायचे, निष्कर्ष छापायचे आणि कंपनीने दावा ठोकल्यास वकील उभा करायचा, तर पैसा लागतो. तो द्यावा कोणी?

अर्थशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. ज्या कामाचा लाभ सर्वांनाच मिळणार, त्यासाठी मोठ्या समूहातील एकटा माणूस सहसा वर्गणी देत नाही, हे मॅन्कर ऑल्सन यांनी 1965 साली साधार मांडले. भेसळ उघडकीस आली की वर्गणी न देणाऱ्याच्या घरीही शुद्ध तेल येतेच! अमेरिकेत 1936 पासून आणि ब्रिटनमध्ये 1957 पासून ग्राहकसंस्थांनी यावर तोड काढली ती जाहिराती न घेणारी, चाचण्यांचे निष्कर्ष छापणारी मासिके विकून. मोटार वा धुलाईयंत्र घेणारा वर्ग तेथे मोठा होता. जेथे खरेदी सुटी, वजनावर आणि उधारीवर होते, तेथे असे मासिक विकत कोण घेणार? मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून निराळी वाट चोखाळली. शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी केला आणि सभासदाला सभासद राहण्याचे रोकडे कारण दिले. मात्र असा प्रयोग दाट वस्तीच्या, नियमित पगाराच्या शहरात जितका सहज रुजतो, तितका विखुरलेल्या खेड्यांत रुजत नाही.

म्हणजे उरते अनुदान. परदेशी देणग्यांची वाट 2020 च्या कायदादुरुस्तीने अरुंद झाली. मोठ्या संस्थेने आपल्या देणगीतला वाटा तालुक्याच्या लहान संस्थेस देणे थांबले. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. चळवळीच्या कामात माणसांचे वेतन हाच मोठा खर्च असतो, याचा विचार येथे झालेला दिसत नाही.

राहता राहिला केंद्राचा ग्राहक कल्याण निधी. तो कोठून येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उत्पादकाने उत्पादनशुल्क जादा भरले आणि ते किमतीत मिळवून ग्राहकाकडून वसूल केले, तर परताव्याची रक्कम त्याला देणे म्हणजे त्याचा दुहेरी लाभ. म्हणून 1991 च्या दुरुस्तीने ही रक्कम निधीत वळवली आणि 1992 मध्ये नियम झाले. मफतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर 1996 मध्ये हे तत्त्व उचलून धरले. 2017 च्या वस्तू व सेवा कर कायद्यातही हा निधी कायम आहे. तात्पर्य, हा पैसा सरकारची खैरात नव्हे; ज्यांना तो परत करणे अशक्य होते, अशा ग्राहकांचाच तो आहे.

असे असता त्याचे वाटप मात्र सरकारने नेमलेली समिती करते. वीज, रेल्वे आणि विमा यांविरुद्धच्या तक्रारींत अनेकदा सरकारी आस्थापनाच प्रतिवादी असतात. प्रतिवादीच्या हातून वादीने खर्चाची रक्कम घ्यावी, यातला अवघडलेपणा सांगायला नको. शिवाय, मुदतीच्या योजनेपुरतेच अनुदान मिळाले की संस्था हळूहळू पहारा सोडून शिबिरे भरवू लागते. शिबिराचे छायाचित्र अहवालाला जोडता येते. ग्राहकाच्या वतीने तीन वर्षे लढलेल्या अपिलाचे छायाचित्र कसे काढणार?

कागदी संस्थांचे पीक येईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की, संस्थेने सभासदांकडून जितकी वर्गणी गोळा केली तितकीच रक्कम निधीने तीन वर्षे, विनियोगाची सक्ती न करता द्यावी. वाटप-समितीत बहुमत सरकारबाहेरच्यांचे असावे आणि हिशेब सर्वांसाठी खुले असावेत. मात्र गडचिरोलीतल्या दहा रुपयांना आणि दादरच्या दहा रुपयांना एकच माप लावून चालणार नाही. दुर्गम जिल्ह्यात निधीने रुपयामागे चार द्यावेत, निदान पहिली पाच वर्षे तरी.