न मोजली गेलेली सूचना

पहूरच्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलंय आणि त्याचा प्रश्न माझ्या अगदी आवडीच्या विषयाला हात घालतो.

भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर त्याने प्रोसेसरच्या काउंटरवरून घटना मोजणारं लिनक्सचं 'पर्फ स्टॅट' चालवलं. सायकल्स आणि इन्स्ट्रक्शन्स, दोन्ही ओळींपुढे 'नॉट सपोर्टेड'. घरच्या लॅपटॉपवर मात्र आकडे येतात. 'सर्व्हरचा प्रोसेसर तर भारी आहे, मग काउंटर गेले कुठे?'

कुठेही गेलेले नाहीत, पाहुण्यापासून, म्हणजे भाड्याच्या आभासी यंत्रापासून, लपवलेत. इंटेलच्या प्रोसेसरवर किती काउंटर आहेत हे सीपीयूआयडी ही सूचना (इन्स्ट्रक्शन) सांगते. यजमानाने, म्हणजे आभासी यंत्र चालवणाऱ्या मूळ यंत्राने, तिथे शून्य दाखवलं की पाहुणा लिनक्स गप्प बसतो. लपवायला कारणंही आहेत. चालतं यंत्र दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर हलवायचं तर काउंटर अडचणीचे ठरतात, आणि बारीक मोजमापातून शेजारच्या यंत्राची गुपितं काढता येतात.

दाखवायचे ठरवले तर काय होतं? लिनक्सवर आभासी यंत्रं चालवणाऱ्या केव्हीएममध्ये ही सोय 2012 साली लिनक्स 3.3 मध्ये आली. पाहुणा षोडशमान 186 क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये 'अमुक घटना मोज' असं लिहितो. ते लिहिणं केव्हीएम अडवतं आणि यजमानाच्या पर्फकडे पाहुण्याच्या नावाने मोजणी उघडतं. पाहुणा प्रोसेसरवर असेल तेवढाच वेळ ती चालते.

आता खरी गंमत. सीपीयूआयडी पाहुण्याने चालवली की इंटेलवर प्रत्येक वेळी ताबा यजमानाकडे जातो. उत्तर केव्हीएम भरतं आणि पाहुण्याला पुढच्या सूचनेवर नेऊन ठेवतं. पाहुण्याच्या लेखी सूचना पूर्ण झाली, पण हार्डवेअरने ती पूर्ण केलेलीच नाही, त्यामुळे काउंटर जागचा हलत नाही. केव्हीएमने स्वतः चालवलेल्या सूचनांसाठी हाताने एक मिळवायचं काम 2022 च्या लिनक्स 5.17 मध्ये आलं. म्हणजे दहा वर्षं हा आकडा थोडा कमी भरत होता!

एकाने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी 'आरआर' हा डीबगर पाहावा. प्रोग्रॅमची धाव नोंदवून तो ती हुबेहूब पुन्हा चालवतो. सिग्नल नेमका कुठे आला हे तो पूर्ण झालेल्या सशर्त उड्या मोजून लक्षात ठेवतो. एक उडी चुकली की पुनरावृत्ती भलत्याच वाटेने जाते. व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रांवर हेच घडलं. दोन सीपीयूआयडींच्या मध्ये एक सशर्त उडी असली, तर वेळ वाचवण्यासाठी तिन्ही सूचना एकत्रच सॉफ्टवेअरमध्ये चालवल्या जात आणि मधली उडी मोजणीतून निसटे. आरआर सुरू होताना ही चूक तपासून पाहतो, आणि सूचना अशा एकत्र चालवणं बंद करायचा पर्याय व्हीएमवेअरच्या सेटिंगमध्ये आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे: चुकीच्या आकड्यापेक्षा 'नॉट सपोर्टेड' बरं. ते वाचून माणूस दुसरी वाट शोधतो. चुकीच्या आकड्यावर तो आठवडाभर प्रोग्रॅम सुधारत बसतो.

पहूरच्या मित्राने भाड्याच्या यंत्रात 'डीमेसेज'मधली, म्हणजे कर्नलच्या नोंदींमधली, 'परफॉर्मन्स इव्हेंट्स' ही ओळ पाहावी. 'सॉफ्टवेअर इव्हेंट्स ओन्ली' दिसलं तर तिथे वेळ घालवू नये. लॅपटॉपवरच केव्हीएममध्ये यजमानाचा प्रोसेसर आणि पीएमयू (मोजणीचे काउंटर) चालू ठेवून पाहुणा उभा करावा, हजार वेळा सीपीयूआयडी चालवावी आणि 'इन्स्ट्रक्शन्स'पुढे आलेला आकडा कर्नलच्या आवृत्तीसह मला कळवावा.