आपोआप चालणारी यंत्रे : मुलांना काय सांगावे?



विहिरीवर कोणी नसताना मोटर चालू होते. ड्रोन उसावर फवारणी करून आपला आपण परत येऊन उतरतो. शिवारात फिरताना लहान मुले आम्हाला विचारतात, "याला कोण सांगतं?" "ते त्याच्या मनानं चालतं," असे सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर धोक्याचे आहे. मन असलेला माणूस समोर पोर दिसले की थांबतो. यंत्र थांबेलच असे नाही.

मुलांना तीन गोष्टी सांगाव्यात : यंत्राला काय कळते, त्यावरून ते काय ठरवते आणि काय करते. टाकीतला बॉल बघा. पाणी चढले की बॉल वर येतो, पाणी बंद होते. त्याला पाण्याची पातळी तेवढी कळते. मोटरीच्या ऑटो स्विचला वीज आलेली कळते. पट्ट्याजवळ कोणाचा हात आहे, हे कळत नाही. ड्रोन आखून दिलेल्या वाटेने उपग्रहांच्या खुणेवर जातो. वाटेत आलेले झाड किंवा माणूस प्रत्येक ड्रोनला ओळखू येतोच असे नाही.

ही विद्या तशी जुनीच. जेम्स वॅट यांनी १७८८ साली वाफेच्या इंजिनाला वेग आपोआप आवरणारा गव्हर्नर बसवला. साखर कारखान्यातल्या टर्बाइनलाही गव्हर्नर असतो. पण तो वेगच ओळखतो, माणूस नाही.

मुलांना हे खेळातून लवकर पटते. एकाचे डोळे बांधा. नियम एकच : टाळी वाजली की तीन पावले पुढे. वाटेत उशी ठेवा. पोरगं उशीला अडखळेल. मग विचारा, "उशी का नाही चुकवलीस?" ते म्हणेल, "मला दिसलीच नाही, अन् तसं सांगितलंही नव्हतं." यंत्राचेही तेच, एवढे सांगितले की पुरे.

मग हे नियम पाठ करून घ्यावेत. बंद मोटरही चालूच आहे असे समजायचे. वीज रात्री-अपरात्री कधीही येते. ड्रोन उडताना आणि उतरताना मोठ्या माणसाजवळ लांब उभे राहायचे. पाती थांबली तरी हात लावायचा नाही.

मोठ्यांनीही पट्ट्याला जाळी बसवावी, आणि मोटरीला हात घालण्यापूर्वी ऑटो स्विचवर न विसंबता मेन स्विच पाडून फ्यूज काढावेत, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी