मॅडम, काहीतरी पाठवा ना

सकाळी ८.३०
अभ्यासिका रात्रभर चालूच असते. कुलूप काढायचं ते जर्नल विभागाचं. नाइट संपवून आलेला एखादा रेसिडेंट 'हॅरिसन'च्या जाड पाठ्यपुस्तकावर डोकं टेकून झोपलेला असतो. त्याला उठवायचं नाही, हा नियम माझा. ग्रंथालयाच्या नियमावलीत तो नाही.

९.१५
मेडिसिनच्या राउंडमधून फोन. "मॅडम, डेंग्यूत प्लेटलेट द्याव्यात का, यावर काहीतरी पाठवा ना."
'काहीतरी' शोधलं तर ढीगभर पेपर निघतील. म्हणून आधी मीच विचारते: पेशंट मोठा की लहान मूल? रक्तस्राव आहे? काउंट किती? मोठा माणूस, रक्तस्राव नाही, काउंट १८,०००. आता प्रश्न नेमका झाला. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली सिंगापूर-मलेशियातली चाचणी अशाच प्रौढांवरची, काउंट २०,००० किंवा त्याखाली. आधीच प्लेटलेट देऊन रक्तस्राव टळला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. पेपर पाठवला. द्यायच्या की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

११.००
थीसिसवाल्यांची रांग. हल्ली संदर्भयादी एआयकडून करून आणतात. लेखक खरा, जर्नल खरं, सालही पटण्यासारखं. पेपर मात्र कधी छापलाच गेलेला नाही. एकेक संदर्भ पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत तपासते. यात सकाळ संपते.

दुपारी २.००
नव्या रेसिडेंटांना शोध कसा घ्यायचा ते शिकवायचं. मी सुरुवात एलेन रोशपासून करते. २००१ साल, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. २४ वर्षांची ही धडधाकट मुलगी दम्यावरच्या संशोधनात स्वयंसेवक होती. तिला हेक्झामेथोनियम हुंगवलं; फुप्फुसं निकामी होऊन ती गेली. या औषधाने फुप्फुसांना इजा होते, अशा नोंदी १९५०च्या दशकातल्या जर्नलांत होत्या. संशोधकाने पबमेड पाहिलं होतं, पण तेव्हा ते १९६६च्या मागे जात नव्हतं. वर्गात मोबाइल खाली ठेवले जातात ते इथे. जुने बांधीव खंड रद्दीत काढून जागा मोकळी करा, असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं. तेव्हाही मी हीच गोष्ट सांगते. ऐकतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुचवतात.

४.००
दारात एक आजी. "ताई, साखरेचं पथ्य मराठीत लिहिलेलं काही मिळंल का?" नातेवाइकांना इथे प्रवेश नाही. आहारतज्ज्ञांनी तपासून दिलेल्या मराठी पत्रकांची फाइल मी टेबलाच्या बाहेरच्या कडेला ठेवते, दारातून हात पुरेल इतकी.

५.१५
सर्जरीच्या एका दुर्मिळ केसबद्दल काहीच हाती लागलं नाही. तसंच कळवलं; खाली कुठे शोधलं, कोणते शब्द वापरले, कुठल्या सालापासून, तेही लिहिलं. एक जुना खंड दुसऱ्या कॉलेजकडे असावा. तिथले ग्रंथपाल पाचनंतर फोन उचलत नाहीत, तेव्हा ते उद्या.