वल्ह्याची शिस्त

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले. पावसाळा सरला, म्हणजे तेथील जलाशयाचे पाणी आरशासारखे निश्चल होते. अशा पाण्यात एखादा नवखा मुलगा होडीत बसून वल्ही मारू लागला, तर काय दिसते? तो दंडांतील सारे बळ खर्च करतो, चोहीकडे पाणी उडवतो, घामाघूम होतो. परंतु होडी जागच्या जागी डुलत राहते, नाहीतर भलतीकडेच तोंड फिरवते. शेजारून एखादा वृद्ध नावाडी सावकाश वल्ही टाकीत जातो आणि पाहता पाहता पैलतीर गाठतो. मुलाच्या अंगी बळ कमी होते असे नव्हे. बळ केव्हा लावावे आणि केव्हा आवरावे, हे त्याला ठाऊक नव्हते.

ही विद्या पुरतेपणी पाहावयाची असेल, तर शर्यतीची नाव पाहावी. एकट्याने वल्हवावयाची अशी नाव सुमारे ८ मीटर लांब असते. पण तिची रुंदी जेमतेम दीड वीत आणि वजन अवघे १४ किलोग्रॅमच्या आसपास. खेळाडूच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते. तो नावेच्या पुढच्या टोकाकडे पाठ करून बसतो. बसावयाची फळी लहान चाकांवर पुढेमागे सरकते आणि पाय मात्र एका जागी घट्ट अडकवलेले असतात. अशा नावेतून त्याला २००० मीटरचे अंतर तोडावयाचे असते.

वल्ह्याच्या प्रत्येक फेऱ्याचे चार भाग पडतात. पहिला भाग पाणी धरण्याचा. खेळाडू गुडघे दुमडून, हात लांब करून वल्ह्यांची पाती पाण्यात अलगद सोडतो. पाते झाकले जाईल इतकेच ते बुडावे. ते अधिक खोल गेले, तर श्रम वाया जातात. आणि ते बुडण्यापूर्वीच जोर लावला, तर तो जोर वाऱ्यावर जातो.

दुसरा भाग ओढीचा. वल्हे हातांनी ओढावयाचे असते, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः सर्वांत मोठा वाटा पायांचा असतो. प्रथम पायांनी रेटा द्यावयाचा, मग पाठ मागे न्यावयाची आणि अखेरीस हात छातीकडे आणावयाचे. धान्याचे जड पोते उचलणारा कसलेला हमालही हेच करतो. तो केवळ हातांवर विसंबत नाही. मांड्यांचे बळ लावून उठतो.

तिसरा भाग सुटकेचा. ओढ संपताच पाती पाण्याबाहेर काढून आडवी करावयाची, म्हणजे ती वाऱ्याला अडत नाहीत. चौथा भाग परतण्याचा. आता क्रम उलटा होतो : आधी हात लांब जातात, मग पाठ पुढे वाकते आणि सर्वांत शेवटी गुडघे दुमडतात.

नवखा खेळाडू या चौथ्या भागात घाई करतो व तेथेच फसतो. खेळाडूचे वजन नावेच्या पाच-सहा पट असते. परतताना तो नावेच्या मागच्या टोकाकडे सरकत असतो. तो धाडकन येऊन थांबला, तर त्याच्या शरीराचा आवेग नावेला मागे रेटतो आणि कष्टाने मिळवलेला वेग क्षणात घटतो. म्हणून ओढ जोरकस असावी, पण परतणे संथ असावे. त्या संथपणात श्वास सावरतो आणि नाव आपल्या वेगाने घसरत राहते.

पाण्याचा आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वेग वाढू लागला, की पाण्याचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. नावेचा वेग दुप्पट करावयाचा, तर सुमारे आठपट शक्ती लागते. त्यामुळे आरंभी भरधाव सुटून मग रेंगाळणाऱ्यापेक्षा सारखा वेग राखणारा खेळाडू कमी दमतो.

ही विद्या पाण्याकाठी वाढलेल्यांनाच साध्य होते, असे मात्र नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे दुष्काळाने गांजलेले गाव आहे. तेथील दत्तू भोकनळ यांच्या वडिलांचा व्यवसाय विहिरी खोदण्याचा होता. त्या गावी पाणी जमिनीच्या पोटातून शोधून काढावे लागे. नाव कोठून दिसणार? २०१२ साली ते सैन्यात भरती झाले आणि त्यानंतर पुण्यात त्यांनी प्रथम वल्हे हाती धरले. आरंभी त्यांना पाण्याची भीती वाटत असे. तरीही चार वर्षांनी, २०१६ साली, रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत नौकानयनात भारताचे ते एकमेव प्रतिनिधी होते. एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत त्यांनी तेरावे स्थान मिळवले.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातील पालेंबांग येथे आशियाई क्रीडास्पर्धांतील शर्यती झाल्या. एकट्याच्या शर्यतीत प्रकृती बिघडल्यामुळे भोकनळ मागे पडले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह ते चौघांच्या नावेत बसले. चौघांच्या नावेत आठ वल्ह्यांनी एकाच क्षणी पाणी धरावे लागते आणि एकाच क्षणी सोडावे लागते. एक जण जरी पुढे धावला, तरी बाकीच्या तिघांचे श्रम उणावतात. ही नाव ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सर्वांच्या आधी पोचली आणि भारताला सुवर्णपदक मिळाले.

भंडारदऱ्याच्या पाण्यावरील तो मुलगाही एक दिवस पैलतीर गाठील. त्यासाठी त्याला अधिक बळ नको आहे. वल्हे मारण्याइतकेच ते परत आणण्याकडेही त्याने लक्ष दिले पाहिजे.