भिंत त्यांची, थंडी आपली!

बेडरूममध्ये १३ डिग्री! बाहेर नाही हं, बेडरूममध्ये. नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. मला सातवा महिना संपत आलेला, अंगात दोन स्वेटर, पायात नवऱ्याचे मोजे आणि हातात मिडवाइफने दिलेलं पत्रक. त्यात लिहिलं होतं, बाळाच्या खोलीचं तापमान १६ ते २० डिग्रीच्या दरम्यान ठेवा. नवऱ्याने थर्मामीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप चहा टाकायला गेला.

गंमत म्हणजे घर आमचंच होतं. म्हणजे तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं. दोघांचं सात वर्षांचं सेव्हिंग ओतून २०२३ च्या जूनमध्ये आम्ही लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये, तीन मजली विटांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हॅरो कशाला? एकतर ट्यूब आहे आणि दुसरं म्हणजे दुकानात कढीपत्ता मिळतो. जूनमध्ये घर बघितलं, ही आमची पहिली चूक. जूनमध्ये लंडनमधलं कुठलंही घर ऊबदार वाटतं!

ऑक्टोबर आला आणि वाट लागली. हीटिंग म्हणून घरात होते दोन जाडजूड स्टोरेज हीटर. आत चक्क विटा असतात. रात्री सातेक तास स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा हा विजेचा दर तिथे १९७८ पासून चालत आलाय. फंडा छान आहे, पण तो दिवसभर घरी असणाऱ्यांसाठी. आम्ही ऑफिसात असताना घर गरम, आम्ही घरी परतेपर्यंत विटा गार. मग प्लगचा हीटर लावायचा, तोही दिवसाच्या दराने. आणि तिथे दिवसाच्या विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं. पहिल्या हिवाळ्याचं बिल बघून नवऱ्याला घाम फुटला, त्या फ्लॅटमध्ये फुटलेला पहिलाच घाम!

काकांचे दोन प्रश्न

उपाय सगळ्यांनी एकच सांगितला, गॅस सेंट्रल हीटिंग. म्हणजे किचनच्या भिंतीवर छोट्या कपाटाएवढा कॉम्बी बॉयलर. तो गॅसवर पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो, गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे. नळालाही गरम पाणी तोच देतो. आपल्या पुण्यातल्या गॅस गीझरचा मोठा भाऊ समजा. आमच्याकडे आधीच्या मालकिणीच्या गॅस शेगडीचा मीटरही होता, फक्त लाइन बंद केलेली होती. आम्हाला वाटलं, दोन वीकेंडचं काम.

मार्च २०२४ मध्ये केनियाहून येऊन स्थायिक झालेले एक गुजराती काका बघायला आले. आधी त्यांनी स्वतःच खिशातून कार्ड काढून दाखवलं. गॅसचं काम करणाऱ्याचं नाव ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असावंच लागतं. २००९ पर्यंत हे ‘कॉर्गी’च्या नावाने चालायचं, म्हणून जुनी माणसं अजूनही कॉर्गीवालाच म्हणतात. कार्ड उलटं करून बघायचं बरं का! कुठलं काम करायची परवानगी आहे, ते मागच्या बाजूला असतं.

काकांचा पहिला प्रश्न होता, बिल्डिंग विटांची की काँक्रीटच्या तयार पॅनेलची? मला वाटलं, सहज विचारताहेत. पण त्याच्या मागे एक भयानक गोष्ट आहे. पूर्व लंडनमध्ये ‘रोनन पॉइंट’ नावाचा २२ मजली टॉवर होता. १६ मे १९६८ ला पहाटे १८ व्या मजल्यावर एका बाईने चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. स्फोटाने भिंतीचं पॅनेल उडालं आणि टॉवरचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा कोसळला. चौघांचा जीव गेला. ती बाई मात्र वाचली. त्यानंतर अशा पॅनेलच्या अनेक इमारतींमधून गॅस काढूनच टाकला. आमची इमारत विटांची होती, त्यामुळे या प्रश्नात आम्ही पास.

दुसरा प्रश्न, ‘लीज पढ़ा है, बेटा?’

आम्ही नापास!

प्लास्टर तुमचं, वीट आमची

इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक फ्लॅट ‘लीजहोल्ड’ असतात. तुम्ही फ्लॅट विकत घेता म्हणजे खरं तर ९९, १२५ किंवा कधीकधी ९९९ वर्षांचा भाडेपट्टा घेता. जमीन आणि इमारत राहते ‘फ्रीहोल्डर’ची. वाशी-नेरूळच्या वाचकांना पट्ट्याचं नवल वाटणार नाही, सिडकोची जमीनही ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच मिळते की. पण तिथे इमारत निदान सोसायटीची असते. इथे आमच्या लीजमध्ये सरळ लिहिलेलं, भिंतीचं आतलं प्लास्टर तुमचं, त्यामागची वीट आमची. फरशीच्या फळ्या तुमच्या, खालचे वासे आमचे.

आणि बॉयलरला लागतो फ्लू, म्हणजे जळलेला वायू बाहेर टाकणारा पाइप. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला बशीएवढं भोक. भोक ज्या विटांना पाडायचं त्या दुसऱ्याच्या, आणि पाइपचं तोंड ज्या हवेत निघणार ती हवासुद्धा दुसऱ्याची! हवेचा मालक मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

एप्रिलमध्ये रीतसर अर्ज केला. फ्रीहोल्डर कोण हे आम्ही कधी बघितलंच नाही, मध्ये मॅनेजिंग एजंट. अर्जाची फी, ती परत मिळणार नाही. सर्व्हेअरची फी. त्यांच्या वकिलाची फी, तीही आम्हीच द्यायची. मग मे गेला, जून गेला. ईमेलला उत्तर यायचं, ‘आपली विनंती संबंधित टीमकडे पाठवली आहे.’ जुलैमध्ये संबंधित टीममधला माणूस बदलला आणि आम्हाला सगळे कागद पुन्हा पाठवायला सांगितले. डोक्याला शॉट!

लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस नावाची संस्था तिथे मोफत सल्ला देते. तिथे कळलं की आमच्यासारख्या लीजमध्ये, जिथे ‘मालकाच्या संमतीशिवाय बदल करू नये’ असं कलम असतं, तिथे १९२७ चा एक कायदा लागू होतो. सुधारणेला मालकाने विनाकारण नकार द्यायचा नाही. वाजवी खर्च मात्र मागता येतो. पण लीजमध्ये ‘बदल करूच नये’ असं असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. आमचं नशीब, आमच्यात ते चार शब्द होते. सही करताना ते कलम मी वाचलंही नव्हतं. मास कॉमची डिग्री आहे माझी, वाचणं हाच धंदा!

ऑगस्टमध्ये सर्व्हेअर येऊन गेला आणि आमचा नकाशा परत आला. फ्लूचं तोंड शेजारच्यांच्या उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३० सेंटिमीटर लांब हवं, आमचं वीसवर होतं. मी चिडले. काकांनी शांतपणे समजावलं, ‘उस खिड़की में भी किसी का बच्चा सोता होगा.’ चूक आमचीच होती. बॉयलर दुसऱ्या कोपऱ्यात सरकला आणि माझं डाळींच्या डब्यांचं कपाट गेलं. नवा नकाशा, नवी फी, नवी वाट.

तोवर बाळाची तारीख जानेवारीतली ठरलेली. आई बाळंतपणाला साताऱ्याहून यायची होती. फोनवर थंडीची कहाणी ऐकून म्हणाली, ‘अगं, एवढं काय त्यात? मी येताना लोखंडी शेगडी आणते. कोळसे तिकडे मिळतात ना? शेक पण होईल, खोली पण गरम होईल.’ माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वाड्यात खिडक्या-दारांतून वारा खेळायचा. इथे खिडक्या डबल काचेच्या, गच्च बंद. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आईला हे समजावता समजावता मी रडायलाच लागले. आई घाबरून म्हणाली, ‘बरं, नाही आणत गं बाई.’

त्याच रात्री नवरा म्हणाला, ‘शनिवारी पाडू या भोक. कोण बघतंय? परवानगी नंतर घेऊ.’ खरं सांगते, मीही मोहात पडले होते. बरेच जण असंच करतात आणि घर विकायला काढलं की अडकतात. खरेदीदाराचा वकील परवानगीचा कागद मागतो. मालक ‘लीज मोडली’ म्हणून दावा लावू शकतो, अगदी टोकाला लीज रद्द करण्यापर्यंत. सात वर्षांचं सेव्हिंग एका बशीएवढ्या भोकात घालवायचं? आम्ही जोरदार भांडलो. मग दोघंही एकाच पांघरुणात झोपलो, दुसरा इलाजच नव्हता!

(तुम्ही म्हणाल, आजच्या जमान्यात गॅस कशाला, हीट पंप लावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदानही आहे. आम्ही चौकशी केली होती. त्याचं बाहेरचं युनिट टांगायचं कुठे? त्याच भिंतीवर! आणि परवानगी द्यायची कोणी? त्याच एजंटने.)

९ डिसेंबरला ‘लायसन्स टू ऑल्टर’ हातात पडलं. सोळा तारखेला काका पोराला घेऊन आले. तीन दिवस घरभर फळ्या उचकटलेल्या. भिंत कापण्याचं मशीन फक्त पंधरा मिनिटं चाललं. आठ महिने वाट बघितली ती या पंधरा मिनिटांसाठी! काकांनी कापलेला विटेचा गोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘ये मालिक को वापस देना है क्या?’

रेडिएटर तापले तेव्हा मी चक्क त्याला पाठ लावून जमिनीवर बसले. काकांनी भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, प्रेशरचा काटा एक ते दीडच्या मध्ये ठेवायचा हे नवऱ्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि पोस्टाने सर्टिफिकेट येईल ते जपून ठेवा, म्हणाले. आलं ते. लीजच्याच फाइलमध्ये आहे.

आई २० डिसेंबरला आली. शेगडी आणली नाही, शब्द पाळला. बाळंतशोपा, डिंक आणि जुन्या साड्यांची दुपटी मात्र सहा किलो. मुलगी झाल्यावर तिने रेडिएटरचा ताबाच घेतला. दुपटी त्यावर वाळत, तेलाची वाटी त्यावर कोमट होत. खोलीत १९ डिग्री!

बारशाच्या आदल्या दिवशी ती स्टुलावर उभी राहून छताकडे बघत होती. पाळण्याला हूक हवा होता. मग खाली उतरून अगदी गंभीरपणे विचारलं, ‘अगं, छत आपलं आहे की त्यांचं?’

मी फाइल काढली. प्लास्टर आमचं, वासा त्यांचा. नवरा संध्याकाळी स्टँडचा पाळणा घेऊन आला.