साचा आणि तार

थर्मोकोल कापणे सोपे, असे ज्यांना वाटते त्यांनी तो एकदा ब्लेडने कापून पाहावा. कड फाटते, दाणे सुटतात आणि घरभर उडतात. मी खामगावला बँकेत होतो तेव्हा गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या गल्लीतले दोघे भाऊ मखरांच्या कमानी कापत. संध्याकाळी कॅश जुळली की मी तिथे जाऊन बसे. खामगाव चांदीची पेठ. तो नेमकेपणा या दोघांच्याही अंगात भिनला असावा.

लाकडी धनुकलीवर ताणलेली नायक्रोमची तार आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, एवढेच त्यांचे यंत्र. (तार थेट घरच्या प्लगला जोडण्याचा विचारही कुणी करू नये, खिडक्याही उघड्या हव्यात.) थर्मोकोलमध्ये बहुतेक हवाच, त्यामुळे तापल्या तारेला तो वितळून वाट देतो. पण तार लाल झाली की फट रुंदावते आणि कमान बारीक होते. हात घाईत असला तर तार मध्ये पोट काढून मागे रेंगाळते. दोन्ही कडांना वळण बरोबर दिसते, आत चुकलेले असते.

म्हणून ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना सनमायकाचा एकेक सारखा साचा आणि त्याच्या कडेवर १ ते २० आकडे. तारेचे एक टोक थोरल्याच्या हाती, दुसरे धाकट्याच्या. थोरला मोजे, ‘सात... आठ...’ आणि दोघे त्या आकड्यावर एकदमच पोचत. वळणावर मोजणी संथ होई.

मार्च २०१८ मध्ये राज्यात बंदी आली. जुलैत उच्च न्यायालयानेही गणेशोत्सवाच्या सजावटीला सवलत नाकारली. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्मोकोल देशभर बंद झाला. बंदी योग्यच, हा पदार्थ कुजत नाही. पण त्यावर पोट असणाऱ्यांचे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. आम्ही बँकवाले तरी कुठे विचारत होतो? तारणाच्या रकान्यात हातातले कसब बसत नसे.

धाकटा आता सोफ्याच्या गाद्यांचा फोम कापतो. या फोमला तापली तार चालत नाही, धूर विषारी असतो. लांब, धारदार सुरी लागते. फोम दाबून कापला तर सोडल्यावर कड आत वळते, म्हणून तो फळी नुसती टेकवतो आणि लांब, हलके हात मारतो. खोळ तट्ट भरावी म्हणून माप थोडे वाढवून घेतो. सुरीला दुसरे टोक धरणारा लागत नाही. थोरला आता नाही; वळण आले की धाकटा अजून तोंडातल्या तोंडात आकडे मोजतो.