डेटाची काटकसर

सोलापूरकरांना काटकसर शिकविण्यास आम्ही उभे नाही. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असूनही चार-चार दिवसांनी नळ येण्याची वर्षे या शहराने काढली आहेत. पाणी आले की आधी पिण्याचे भरावे, मग वापरायचे, हा क्रम येथे लहान पोरासही ठाऊक आहे. मोबाइलमधील डेटाच्या बाबतीत मात्र आपण हाच क्रम उलटा करून बसलो आहोत.

अनेक घरांत फोन एकच असतो आणि डेटाचा रोजचा वाटा दीड-दोन जीबीचा. दिवसभर त्यावर चित्रफिती चालतात. संध्याकाळी तो मुलीच्या हाती येतो, तेव्हा वाटा संपलेला असतो. याच जिल्ह्यातील पारितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कोडमागे धड्याची चित्रफीत असते. डेटा नसेल, तर पुस्तकावरचा तो चौकोन नुसताच चौकोन राहतो.

चित्रफीत इतका डेटा का खाते, याचे कारण साध्या गुणाकारात आहे. १०८० दर्जाच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. ४८० दर्जाच्या चित्रात सुमारे ४ लाख १० हजार. अशी चित्रे सेकंदाला पंचवीस-तीस येतात. ती दाबून लहान करून पाठवितात, त्यामुळे खर्च नेमका पाचपट होत नसला, तरी कित्येक पट वाढतो खराच. तळहाताएवढ्या पडद्यावर हा फरक डोळ्यांस फारसा जाणवतही नाही. म्हणून दर्जा ४८० वर ठेवावा, हा पहिला उपाय.

दुसरी गळती न दिसणारी आहे. व्हॉट्सॲपवरील छायाचित्रे व चित्रफिती आपण न पाहताही फोनमध्ये उतरत असतात. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ येथे जाऊन हे आपोआप उतरणे बंद करता येते. ॲपची नवी आवृत्ती केवळ वायफायवर घ्यावी. अँड्रॉइड फोनमधील ‘डेटा सेव्हर’ चालू केला, की पडद्याआड चाललेल्या बहुतेक ॲपचा खर्च थांबतो. जो धडा चार वेळा पाहावयाचा, तो वायफाय मिळेल तेथे एकदाच उतरवून ठेवावा. पुन्हा पाहताना डेटा लागत नाही.

करमणूक करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. दमून आलेल्या माणसाने दोन गाणी पाहिली, तर बिघडले कोठे? परंतु पाण्याचा घरचा नियम फोनलाही लावावा. मुलीच्या धड्यापुरता डेटा शिल्लक आहे ना, हे पाहून मगच पुढची चित्रफीत लावावी.